शरद जोशींवर चरित्रलेख कसा लिहावा

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्यावरचे बहुतेक लेख एकाच पायवाटेने जातात. साताऱ्याचा जन्म, स्वित्झर्लंडमधली भरपगारी नोकरी सोडून येणे, आंबेठाणची कोरडवाहू जमीन, कांद्याचे आंदोलन, लाखांच्या सभा आणि अखेरीस श्रद्धांजली. अशा लेखात तारखा सहसा बरोबर असतात आणि लिहिणाऱ्याची तळमळही खरी असते. पण लेख वाचून खाली ठेवल्यावर हा माणूस पस्तीस वर्षे नेमके काय सांगत होता, हे वाचकाला सांगता येत नाही. दिवाळी अंकासाठी, स्मरणिकेसाठी किंवा महाविद्यालयीन प्रकल्पासाठी ज्यांना तीन-चार हजार शब्दांचा चरित्रलेख लिहायचा आहे, त्यांच्यासाठी ही थोडी वाटदाखवणी आहे. असे काही लेख लिहिताना आणि त्याहून अधिक तपासताना जे लक्षात आले, तेच येथे मांडले आहे.

आधी प्रश्न ठरवावा

अर्थविचार घेऊन राजकारणात आलेल्या माणसाचे आयुष्य पदांच्या क्रमाने लिहू नये. पदे त्याच्याकडे येतात आणि जातात, पण त्याचा युक्तिवाद टिकतो, वळतो, कधी अडखळतो. चरित्र असते ते त्या युक्तिवादाचे. जोशींच्या बाबतीत हा युक्तिवाद एका प्रश्नात बसतो: शेतकऱ्याच्या मालाचा भाव कोण ठरवतो, आणि तो कमी ठेवण्यात कोणाचा हात असतो? हा प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवावा आणि पुढची प्रत्येक घटना त्याला लावून पाहावी. जी घटना प्रश्नाला काही उत्तर देते ती लेखात घ्यावी. जी केवळ मोठी आहे म्हणून खुणावते तिला एखादे वाक्य द्यावे किंवा सोडून द्यावे. उदाहरणार्थ, २ ऑक्टोबर १९८९ रोजी दिल्लीच्या बोट क्लबवर उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत आणि जोशी यांच्या गटांत मंचावर झालेला गोंधळ नाट्यमय आहे खरा, पण त्यावर दोन पाने खर्च केली तर लेख नेत्यांच्या भांडणाचा होतो.

‘अर्थतज्ज्ञ’ या विशेषणाचे काय करावे

हे विशेषण मथळ्यातच टाकण्याचा मोह आवरावा आणि लेखाच्या ओघात ते कमावू द्यावे. जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ चा. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून ते १९५७ साली एम. कॉम. झाले, सुमारे वर्षभर कोल्हापुरात त्यांनी अध्यापन केले, १९५८ ते १९६८ ही दहा वर्षे भारतीय टपाल सेवेत काढली आणि त्यानंतर बर्न येथील जागतिक टपाल संघटनेत नोकरी केली. म्हणजे विद्यापीठीय अर्थाने ते संशोधक अर्थशास्त्रज्ञ नव्हते. हे लपवायचेही कारण नाही आणि त्यांना उणे ठरवण्यासाठी वापरायचेही नाही. त्यांचे अर्थशास्त्र तयार झाले ते हिशेबाच्या वहीत. १९७७ च्या सुमारास चाकणजवळ आंबेठाणला घेतलेल्या जमिनीत, जिला पुढे ‘अंगारमळा’ हे नाव मिळाले, त्यांनी स्वतः पिके घेतली, खर्च लिहून ठेवला, माल बाजारात नेला आणि जमाखर्च जुळत नाही हे पाहिले. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे तोटा नशिबावर टाकून मोकळे होणे त्यांना जमले नसावे. तोट्याचे कारण ताळेबंदातच कोठेतरी सापडले पाहिजे, असा त्या शिक्षणाचा आग्रह असतो. हा दुवा लेखात आला की ‘अर्थतज्ज्ञ’ हा शब्द न लिहिताही वाचकाला तो पटतो.

स्वित्झर्लंडच्या नोकरीचे वर्णन मात्र आवरते घ्यावे. त्यागाची ही कथा मराठी वाचकाला इतकी पाठ आहे की ती लांबवली की जोशी संतपदाला पोहोचतात आणि त्यांच्या युक्तिवादाला प्रश्न विचारणे वाचकाला अवघडल्यासारखे होते.

दोन रकान्यांची वही

लिहायला बसण्यापूर्वी वहीचे पान उभे दुमडावे. डावीकडे जोशींच्या आयुष्यातल्या तारखा लिहाव्यात आणि उजवीकडे सरकारने शेतमालाबाबत केलेले कायदे व निर्णय. उजव्या रकान्याची सुरुवात त्यांच्या आंदोलनाच्या खूप आधीपासून होते: १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा, महाराष्ट्राचा १९६३ चा कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा, १९६५ साली स्थापन झालेला कृषी मूल्य आयोग, १९७० च्या दशकाच्या आरंभी आलेली कापूस एकाधिकार खरेदी (म्हणजे शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा), जनता सरकारच्या काळातली कांद्याची निर्यातबंदी. त्यापुढे १९८५ चे वस्त्रोद्योग धोरण, १९९० ची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जमाफी, १९९१ चे आर्थिक बदल, १९९५ मध्ये अस्तित्वात आलेली जागतिक व्यापार संघटना, मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला (बोंडअळीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या वाणाला) मिळालेली परवानगी आणि २००८ ची दुसरी मोठी कर्जमाफी.

डाव्या रकान्यात ९ ऑगस्ट १९७९ ही शेतकरी संघटनेच्या स्थापनेची तारीख, १९८० चे चाकण आणि नाशिक, १९८१ ची निपाणी, १९८६ चे चांदवड, १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात मिळालेले कृषिविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्षपद, १९९४ चा स्वतंत्र भारत पक्ष, २००४ ते २०१० ची राज्यसभा आणि १२ डिसेंबर २०१५ हा मृत्यूचा दिवस. दोन्ही रकाने शेजारी आले की एक गोष्ट चटकन दिसते. डावीकडच्या जवळजवळ प्रत्येक ओळीला उजवीकडची एखादी ओळ चिकटलेली आहे, आणि ती बहुधा बंदीची, सक्तीची किंवा परवानगीची आहे. लेखाचा सांगाडा येथेच मिळतो.

शब्दांची एक टिपणही याच वहीत ठेवावी. संघटनेचे लोक ‘कर्जमाफी’ म्हणत नाहीत, ‘कर्जमुक्ती’ म्हणतात. माफी गुन्ह्याला असते, आणि त्यांच्या मते कर्ज हे सरकारी धोरणाने अंगावर टाकलेले ओझे होते. सरकारी निर्णयाबद्दल लिहिताना पहिला शब्द आणि संघटनेच्या मागणीबद्दल लिहिताना दुसरा, एवढा विवेक लेखकाने पाळला तरी अर्धे काम होते. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही त्यांची विभागणीही अशीच जपून वापरावी. शहर विरुद्ध खेडे एवढाच तिचा अर्थ नव्हता. धोरणाचा लाभ घेणारा आणि धोरणाची किंमत मोजणारा असा तो भेद होता, आणि त्या हिशेबाने खेड्यातही ‘इंडिया’ असू शकतो, तसा शहराच्या झोपडपट्टीत ‘भारत’.

एक पट्टी मांडून दाखवावी

चरित्रलेखात आकडेमोड नको, असे संपादक सांगतात. जोशींच्या लेखात मात्र ती हवीच. फक्त ती एका पानात बसणारी आणि वाचकाला बोटावर मोजता येणारी असावी. त्यासाठी बाजार समितीतली विक्रीची पट्टी हे सर्वांत चांगले साधन आहे. लिलाव झाल्यावर आडतदार शेतकऱ्याच्या हातात जो लांबट कागद देतो, ज्यावर वजन, भाव, कपाती आणि शेवटी हाती पडणारी रक्कम असते, ती ही पट्टी. एका जुन्या कार्यकर्त्याने मला घरातल्या पत्र्याच्या पेटीतून अशा पट्ट्यांचे सुतळीने बांधलेले पुडके काढून दाखवले होते. मधल्या काही कागदांवरची शाई उडून गेली होती, पण तळाची रक्कम त्यांनी निळ्या पेन्सिलीने पुन्हा गिरवून ठेवली होती. संघटनेचा लाल बिल्लाही त्याच पेटीत होता.

लेखात खरी पट्टी मिळाली तर उत्तमच. न मिळाल्यास उदाहरण म्हणून मांडावी आणि ते उदाहरण आहे हे स्पष्ट लिहावे. समजा, वीस क्विंटल कांदा बाजारात नेला आणि क्विंटलला ४० रुपये भाव फुटला. माल झाला ८०० रुपयांचा. सहा टक्क्यांनी आडत, म्हणजे आडतदाराची दलाली, ४८ रुपये, हमाली, तोलाई आणि वाराई मिळून ३२ रुपये, गाडीभाडे १२० रुपये. एकूण कपात २०० रुपये, हाती आले ६०० रुपये, म्हणजे क्विंटलला ३० रुपये. आता बियाणे, रोप, खत, पाणी, काढणी आणि घरच्या माणसांची मजुरी धरून क्विंटलचा खर्च ४२ रुपये येत असेल, तर प्रत्येक क्विंटलमागे १२ रुपये आणि वीस क्विंटलमागे २४० रुपये शेतकऱ्याने पदरचे घातले. कपाती मालाच्या किमतीपेक्षा जास्त झाल्या आणि शेतकऱ्यानेच आडतदाराला पैसे द्यायची वेळ आली, तर बाजारात तिला उलटी पट्टी म्हणतात. हा शब्द लेखात अवश्य यावा, कारण तो ज्याने एकदा ऐकला तो विसरत नाही.

येथपर्यंतचा हिशेब कोणीही मांडेल, आणि मांडून व्यापाऱ्याला दोष देईल. जोशी वेगळे ठरतात ते पुढच्या पायरीवर, म्हणून लेखकाने तेथे थांबावे आणि वाचकालाही थांबवावे. समजा निर्यात खुली असती तर त्याच दिवशी क्विंटलला ६० रुपये भाव मिळाला असता. माल १,२०० रुपयांचा झाला असता, आडत ७२ रुपये गेली असती, बाकी कपाती तेवढ्याच राहिल्या असत्या आणि हाती ९७६ रुपये पडले असते; क्विंटलला जवळजवळ ४९ रुपये, म्हणजे खर्च भागून वर थोडे. दोन भावांमधला वीस रुपयांचा फरक व्यापाऱ्याच्या खिशात गेलेला नाही. तो निर्यातबंदीने पुसून टाकला, आणि शहरातल्या ग्राहकाला तो स्वस्त कांद्याच्या रूपाने मिळाला. जोशी याला उणे सबसिडी म्हणत: सरकार शेतकऱ्याला अनुदान देते हा समज खोटा असून शेतकरीच बाकीच्या अर्थव्यवस्थेला अनुदान देतो, ही त्यांची मांडणी. ती नुसती सभेतली टाळीची ओळ नव्हती. जागतिक व्यापाराच्या गॅट करारासाठी भारत सरकारने जी आकडेवारी सादर केली, तीतही पिकांना मिळणारा भावाचा आधार उणे दाखवलेला होता, आणि जोशींनी तो सरकारी कागद पुढे आयुष्यभर वापरला.

या मांडणीवरचे आक्षेपही याच ठिकाणी द्यावेत, शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेवू नयेत. घरच्या मजुरीचा दर कोणता धरायचा, कोरडवाहू आणि बागायती यांचा सरासरी खर्च काढता येतो का, ज्या शेतमजुराला धान्य विकत घ्यावे लागते त्याचे भाव वाढल्यावर काय होते, हे प्रश्न त्या काळातही विचारले गेले. शेतमालाला भाव मिळाला की मजुरीही वाढते, असे संघटनेचे उत्तर होते. ते कोठे खरे ठरले आणि कोठे नाही, हे आपल्या तालुक्यातल्या दोन-चार वृद्ध मजुरांना विचारले तर लेखाला असे काही मिळते जे ग्रंथालयात मिळत नाही.

आंदोलन एकच निवडावे

चाकण, नाशिक, निपाणी, कापूस, दूध, कर्जमुक्ती अशी सगळी आंदोलने एका लेखात ओवण्याचा प्रयत्न केला की प्रत्येकाला चार ओळी येतात आणि सगळी सारखीच दिसतात. एक निवडावे आणि बाकीची त्याच्या सावलीत ठेवावीत. माझी निवड १९८० च्या पूर्वार्धातले चाकणचे कांदा आंदोलन. ऊस आणि कांद्यासाठी नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात झालेले आंदोलन त्याहून कितीतरी मोठे होते. रस्ते आणि रेल्वे अडल्या, उसाला टनाला ३०० रुपयांची मागणी राज्यभर पोहोचली आणि जोशी हे नाव घरोघरी गेले. पण चाकणला लेखकाच्या दृष्टीने एक सोय आहे: तेथे माणसे मोजकी होती, गाव छोटे होते आणि मागणी साधी होती. कांद्याचे भाव पडले आहेत, तर नाफेडने, म्हणजे शेतमाल खरेदी करणाऱ्या राष्ट्रीय सहकारी संस्थेने, बाजारात उतरून खरेदी करावी. पुणे-नाशिक रस्त्यावर बैलगाड्या आणि माणसे आली, आणि बाजारभावाचा प्रश्न रस्त्यावर आला.

या मागणीकडे लेखकाने नीट पाहावे. पुढे जो माणूस सरकारने बाजारातून निघून जावे म्हणून लढला, त्याचे पहिले आंदोलन सरकारी यंत्रणेने बाजारात यावे म्हणून होते. ही विसंगती झाकू नये. लेखाचा मध्य तीच आहे.

निपाणीबद्दल लिहिताना हात विशेष जपावा. तंबाखू उत्पादकांच्या १९८१ च्या त्या आंदोलनात गोळीबारात शेतकरी मृत्युमुखी पडले. भाषणांतून आणि स्मरणलेखांतून अशा प्रसंगांचे आकडे वाढत जातात. त्या दिवसांची वर्तमानपत्रे पाहिल्याशिवाय एकही आकडा लेखात घालू नये.

रास्त भाव ते खुला बाजार

संघटनेचा सुरुवातीचा कार्यक्रम एकाच कलमाचा होता: शेतमालाला उत्पादनखर्चावर आधारित रास्त भाव. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा त्याचीच. नव्वदच्या दशकात त्याच संघटनेने ‘बाजारपेठेचे स्वातंत्र्य’ आणि ‘तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य’ हे शब्द पुढे आणले. या दोन टोकांमध्ये काय घडले, हे सांगण्याच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. टीकाकार म्हणतात, जोशी बदलले. अनुयायी म्हणतात, ते पहिल्यापासून हेच सांगत होते. आणि घाईतला लेखक म्हणतो, काळानुसार त्यांच्या विचारात प्रगल्भता आली. तिसरे वाक्य सर्वांत निरुपद्रवी दिसते आणि सर्वांत निरुपयोगी असते.

त्याऐवजी युक्तिवादाचे सांधे उलगडून दाखवावेत. उत्पादनखर्चाचा भाव ही मागणी सरकारकडे होती, कारण भाव पाडणारे सरकार होते. ज्याने गळा धरला आहे त्यालाच हात काढ म्हणावे लागते. हा मुद्दा अनुयायांच्या बाजूने जातो. पण सभेतल्या शेतकऱ्याने ती मागणी तशी ऐकली का? त्याने ऐकले ते असे की सरकारने भाव बांधून द्यावा. जोशींच्या भाषेतही साम्राज्यवाद, शोषण आणि वसाहत हे डाव्या चळवळीतून आलेले शब्द विपुल होते. शेतीतून भांडवल उपसून उद्योग उभे करायचे, ही सोव्हिएत रशियातल्या १९२० च्या दशकातल्या वादात अर्थतज्ज्ञ प्रेओब्राझेन्स्की यांनी मांडलेली कल्पना नेहरूकाळच्या नियोजनात कशी उतरली, हे ते सांगत. म्हणजे रोगाचे निदान डाव्या शब्दांत आणि औषध उजव्या पेटीतले, असा हा वैद्य होता. कृत्रिम धाग्याला झुकते माप देणाऱ्या १९८५ च्या वस्त्रधोरणाविरुद्ध संघटनेने ‘राजीव वस्त्रां’च्या होळ्या केल्या, तेव्हाही कापूस शेतकऱ्याची बाजू घेताना ग्राहकाच्या निवडीच्या स्वातंत्र्याचे काय, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला असता तर गंमत झाली असती.

वळणाचा क्षण दाखवायचा असेल तर डंकेल प्रस्ताव, म्हणजे गॅटच्या वाटाघाटींतला जागतिक व्यापार कराराचा मसुदा, घ्यावा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या बहुतेक शेतकरी संघटना त्या मसुद्याविरुद्ध उभ्या होत्या; कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना आघाडीवर होती. जोशींनी प्रस्तावाचे समर्थन केले. वरच्या पट्टीचा हिशेब ज्याने वाचला आहे, त्याला या समर्थनाचे नवल वाटणार नाही: निर्यातीचे दार उघडले तर हरवलेले वीस रुपये परत येतील, हीच ती आशा. म्हणूनच पट्टी आधी आणि डंकेल नंतर, हा क्रम लेखात मोडू नये. बीटी कापसाचे प्रकरण याच धाग्यात ओवावे. २००१ साली गुजरातेत परवानगी नसलेले बीटी वाण शेतात उभे असल्याचे उघड झाले आणि पीक नष्ट करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा कोणते बियाणे लावायचे हे शेतकरी ठरवील, अशी भूमिका जोशींनी घेतली. आशा किती फळली, हा वेगळा प्रश्न आहे. जागतिक व्यापार संघटना आल्यानंतरही कांद्यावरची बंधने गेली नाहीत आणि कापसाचे जागतिक भाव घसरले तेव्हा विदर्भाने काय सोसले हे सर्वांना ठाऊक आहे. लेखात याला निदान एक परिच्छेद द्यावाच लागेल.

सातबारा आणि एक मत

जोशींच्या स्त्रीविषयक कामाला अनेक लेखक ‘याशिवाय’ या शब्दाने सुरू होणारा परिच्छेद देतात. हे अन्यायाचे आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले आणि पुढच्या काळात ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम आली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करून द्यावा, आणि ज्या गावात शंभरांहून अधिक जण असे करतील त्या गावाचा गौरव व्हावा. ही भाषणाची गोष्ट नव्हती, तलाठ्याच्या कचेरीतली होती. अर्ज, जबाब, फेरफार आणि मग सातबाऱ्यावर चढलेले नाव, या पायऱ्यांतून जाताना एखाद्या घरात काय बोलणे झाले असेल, हे त्या पिढीतल्या बाईकडूनच ऐकावे. तिच्याशी बोलताना घरातले पुरुष मध्येच उत्तरे देऊ लागतात. त्यांना चहा सांगण्याच्या कामाला लावावे.

मालमत्तेचा हक्क हीच स्वातंत्र्याची पायरी, हा उदारमतवादी विचार येथे सिद्धान्ताऐवजी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर दिसतो. आणि याच पार्श्वभूमीवर ९ मार्च २०१० ची घटना लिहावी. त्या दिवशी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर झाले आणि ते एक मत शरद जोशींचे होते. नुसता आकडा दिला की माणूस विचित्र दिसतो. त्यांचा आक्षेप मतदारसंघ आळीपाळीने आरक्षित करण्याच्या पद्धतीवर होता: पुढच्या खेपेला आपला मतदारसंघ राहणार नाही हे माहीत असलेला प्रतिनिधी त्याची मशागत कशाला करील? मला हा आक्षेप पद्धतीपुरता रास्त वाटतो. चांदवड घडवणाऱ्या माणसाने तेवढ्यासाठी एकाकी विरोधी मत नोंदवावे का, याबद्दल मात्र माझे मन अजून दोन्हीकडे जाते. लेखकाने आपले मत येथे सांगावे, पण आक्षेप आधी पूर्ण मांडून मग.

पक्ष काढला, पुढे काय

राजकारणाचा भाग आटोपशीर असावा, कारण त्यात घडले कमी. चळवळीत लाखांनी येणारे लोक मतपेटीपाशी आपली जात, सोयरेसंबंध, साखर कारखाना आणि पुढारी पाहत, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक चळवळींनी अनुभवले आहे. जोशी लोकसभेवर किंवा विधानसभेवर कधी निवडून गेले नाहीत. १९९४ साली काढलेल्या स्वतंत्र भारत पक्षाला मोजके यश मिळाले. राजुऱ्याचे वामनराव चटप यांचा विजय त्यांतला. २००४ मध्ये शिवसेना-भाजपच्या पाठिंब्याने जोशी राज्यसभेवर गेले. या जवळिकीवरून संघटनेत फूट पडली, संघटनेतले नेते राजू शेट्टी बाहेर पडले आणि ‘स्वाभिमानी शेतकरी संघटना’ उभी राहिली. पश्चिम महाराष्ट्रातला ऊस उत्पादक बहुतांशी तिकडे गेला. बाजाराचे स्वातंत्र्य आणि उसाला कारखान्याकडून ठरावीक पहिली उचल (पहिल्या हप्त्याची रक्कम), या दोन मागण्यांपैकी शेतकऱ्याला कोणती अधिक जवळची वाटली, याचे उत्तर त्यातच आहे.

राज्यसभेतल्या सहा वर्षांतली एक गोष्ट मात्र विस्ताराने लिहिण्याजोगी आहे आणि ती सहसा वगळली जाते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणी हव्या असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवादाच्या तत्त्वाशी निष्ठा जाहीर करावी लागते. मुक्त बाजारपेठेवर उभ्या राहू पाहणाऱ्या पक्षासाठी ही कोंडीच होती: नोंदणी हवी तर खोटे बोला, नाहीतर निवडणूक विसरा. जोशींनी ती अट काढून टाकण्यासाठी खासगी विधेयक मांडले. ते पुढे गेले नाही, पण त्यांच्या राजकारणाचा अर्थ त्या एका विधेयकात जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही प्रचारसभेत दिसत नाही. राज्यसभेच्या कामकाजाचे वृत्तान्त संकेतस्थळावर आहेत; त्यांतली त्यांची भाषणे मुळातून वाचावीत.

नावाचा घोटाळा आणि जुन्या आठवणी

छायाचित्र निवडताना एक पथ्य. शरद जोशी याच नावाचे हिंदीतले नामवंत व्यंगकार उज्जैनचे होते. १९३१ साली जन्मले आणि १९९१ साली वारले. इंटरनेटवर शोध घेतला की दोघांची छायाचित्रे आणि वचने एकमेकांत मिसळून येतात. एका स्मरणिकेचे मुद्रित तपासताना व्यंगकारांचा चष्मा आणि मिश्किल हसू ‘शेतकऱ्यांचे नेते’ या ओळीवर छापायला निघाले होते, आणि ते छायाचित्र मीच निवडले होते. सुदैवाने छापखान्यातल्या जुळारी गृहस्थांच्या लक्षात आले. ते स्वतः कधीकाळी बिल्ला लावणारे निघाले.

जुन्या कार्यकर्त्यांशी बोलताना ‘साहेबांबद्दल सांगा’ असे विचारू नये; तसे विचारले की पाठ झालेले भाषण बाहेर येते. त्याऐवजी त्या वर्षी शेतात काय होते, पट्टी किती आली, तुरुंगात किती दिवस गेले, घरी दूध कोणी काढले, असे विचारावे. तारखा ते हमखास चुकतात आणि भाव सहसा चुकत नाहीत. ‘शेतकरी संघटक’ या पाक्षिकाचे जुने अंक काही कार्यकर्त्यांच्या घरी बांधून ठेवलेले मिळतात. तारीख तेथून घ्यावी.

कुठे थांबावे

लेख १२ डिसेंबर २०१५ पाशी संपवणे सोपे आहे. पण वाचक आजचा असतो आणि त्याच्या मनात २०२० चे तीन कृषी कायदे असतातच. जोशी असते तर काय म्हणाले असते, हा परिच्छेद लिहू नये. मृत माणसाच्या तोंडी आपले मत घालण्याची ती सभ्य रीत आहे, एवढेच. जे घडले ते सांगावे: त्यांच्या परंपरेतल्या शेतकरी संघटनेने त्या कायद्यांचे स्वागत केले, संघटनेचे अनिल घनवट जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत होते, उत्तरेतल्या शेतकऱ्यांनी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर ठाण मांडले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेण्यात आले. बाजार समितीच्या बाहेर विकण्याची मुभा हा त्या कायद्यांचा गाभा आणि समितीच्या सक्तीबद्दल जोशींनी स्वतः लिहिलेले, बोललेले शब्द शेजारी ठेवावेत. तुलना वाचक करतो.

त्यानंतर एकच नोंद करावी आणि लेखणी खाली ठेवावी. जोशींच्या मृत्यूला आठ वर्षे होत असतानाच, डिसेंबर २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली. त्या दिवसांतला चाकण किंवा लासलगावचा भाव बाजार समितीत मिळतो. तो आकडा लिहावा, त्यापुढे टिप्पणी जोडू नये.